मागच्या दारावरचा डाग

गाडीवर कोटिंग करायला किती वेळ लागेल, असं कुणी विचारलं की तो आधी गाडीभोवती एक फेरी मारायचा. मग दुसरी. विचारणारा ताटकळलेला आणि ह्याचं आपलं निवांत. बोनेटकडे तिरपं बघ, छपरावरून हात फिरव, दाराच्या कडेला नखाने टिचकी मार. शेवटी एकदाचं उत्तर यायचं, "बघू." आता हे काय उत्तर झालं? मोठमोठे डॉक्टरसुद्धा एवढा भाव खात नाहीत. पण माणूस लबाड नव्हता. रंग किती थकलाय हे दिव्याखाली बघितल्याशिवाय त्याला कळायचं नाही, आणि कळल्याशिवाय वेळ सांगणं त्याच्या जिवावर यायचं.

खोटं तो एकच बोलायचा, पण ते दिवसभर. पाच मिनिटं. जेवायला चल म्हटलं, पाच मिनिटं. फोन उचल म्हटलं, पाच मिनिटं. शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारा एक फटकळ गृहस्थ होता, सगळे त्याला सीटवालाच म्हणायचे. तो चहाला हाक मारायचा आणि इकडून उत्तर जायचं, "आलो, पाच मिनिटं." तेवढ्यात चहा गार व्हायचा, त्यावर साय धरायची, आणि शेवटी सीटवालाच तो पिऊन टाकायचा. त्यानेच ह्याचं नाव 'पाचमिनिटं' पाडलं होतं. गल्लीत पोस्टमनसुद्धा आता तेच म्हणायचा.

आता कोटिंग, म्हणजे ऊन-धूळ लागू नये म्हणून रंगावर चढवायचा काचेसारखा थर, हे काय काम असतं ते थोडं सांगायला हवं, नाहीतर ह्या माणसाला तुम्ही उगाच शिव्या द्याल. आधी गाडी धुवायची. मग मऊ लगद्याचा गोळा फिरवून रंगात रुतलेली धूळ उपसून काढायची. मग मशिनने घासून एकेक ओरखडा मिटवायचा. एवढं सगळं झाल्यावर खरं काम सुरू होतं. खोकल्याच्या औषधाएवढी बाटली असते. त्यातले थेंब फडक्यावर घेऊन एका वेळी हातभर जागेत आडवे-उभे ओढायचे. रंगावर इंद्रधनुष्यासारखा तवंग येतो. तो तवंग फुटायला लागला की लगेच पुसायचं. आधी पुसलं तर सगळं फरफटतं. उशीर झाला तर ते तिथेच दगड होऊन बसतं, काळपट डाग पडतो, आणि मग पुन्हा मशिन, पुन्हा पहिल्यापासून सगळं. ह्यात घड्याळाचा काही उपयोग नाही. ऊन असलं की चटकन होतं, ढग आले की रेंगाळतं. डोळे लावून बसावं लागतं. एकदा दार हातात घेतलं की ते संपेपर्यंत सोडायची सोय नाही. म्हणजे त्याची ती पाच मिनिटं अगदीच हवेतून आलेली नव्हती. फक्त ती कधी संपायची नाहीत, एवढंच.

त्यापायी बायको गेली.

भांडण नाही, तंटा नाही. भांडण झालं असतं तर एक वेळ बरं, निदान चूक कुणाची ह्यावर वाद तरी घालता आला असता. धंदा नवा होता तेव्हा ती गाळ्यावर दिवा धरायची. रंगावरचा डाग समोरून दिसत नाही, उजेड तिरपा पडला तरच दिसतो, आणि घासणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. म्हणून दिवा दुसऱ्या कुणीतरी धरावा लागतो. सुरुवातीला तो सांगायचा, खाली घे, डावीकडे घे. नंतर सांगावं लागेनासं झालं. त्याचा हात जाण्याआधी तिचा उजेड तिथे पोचलेला असायचा. तिची नजर त्याच्याहून तिखट होती. पुढे ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायला लागली ते उगाच नाही.

मग त्याने दिव्याला स्टँड आणला. त्याला वाटलं, बाईचे हात भरून येतात, ते वाचतील. तिला काय वाटलं ते त्याने विचारलं नाही.

त्यानंतर ती घरी ताटं झाकून वाट बघायला लागली. काही वर्षांनी वाट न बघता जेवायला लागली. आणि एका सकाळी गाळ्याच्या शटरपाशी येऊन म्हणाली की चष्म्याच्या दुकानाजवळ एक खोली बघितली आहे, मी तिकडे राहायला जाते. तो एका काळ्या गाडीच्या बोनेटवर वाकलेला होता. तवंग फुटत होता. तो काय म्हणाला असेल ते वेगळं सांगायला नको. पुसून झाल्यावर त्याने वर पाहिलं तेव्हा खुर्चीवर घराची किल्ली ठेवलेली होती.

तेव्हापासून तो एकटा. घरी गेला की पातेल्यातच भात कालवून ओट्यापाशी उभ्याने खायचा. पलंगावर अजून आपल्याच बाजूला झोपायचा. तिच्या बाजूला धुतलेल्या फडक्यांच्या घड्या रचलेल्या असायच्या, नीट, एकावर एक. सीटवाल्याने एकदा ते पाहिलं आणि त्या दिवशी तो एकही टोमणा न मारता निघून गेला. ह्यावरून काय ते समजा.

आणि अशात एका सकाळी ती आली. स्वतःच्या गाडीतून. गाडी लहानशी, निळी. उतरली, ओढणी सारखी केली, आणि गिऱ्हाईक बोलतं तसं बोलली. थोरली ताई कधीची बोलावतेय, दोघी एकट्याच आहोत तर एकत्र राहू. गाव लांब आहे. ताईच्या घराला छप्पर आहे ते तिच्यापुरतं, गाडी उघड्यावर राहणार, म्हणून कोटिंग करून घ्यावं म्हणते. दुसऱ्या कुणाकडे टाकली असती तर तुम्हीच नावं ठेवली असती. ताईला अजून हो म्हटलेलं नाही, गाडी झाली की कळवीन.

मग तिने विचारलं, "किती वेळ लागेल?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने फेरी मारली नाही. "तीन दिवस," तो म्हणाला.

एवढ्याशा गाडीला तीन दिवस? दोन पुष्कळ झाले. हे त्याला माहीत होतं, आणि जिने वर्षानुवर्षं दिवा धरला तिला माहीत नसेल, असं समजायला तो काही खुळा नव्हता. तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. "बरं," ती म्हणाली. "संध्याकाळी दुकान सुटलं की येऊन बसत जाईन. चालेल ना?"

ती गेल्यावर सीटवाला सुई तशीच हातात घेऊन धावत आला. भिंतीला कान लावून त्याने सगळं ऐकलं होतं, लाज वगैरे भानगड त्याच्याकडे नव्हतीच. त्याने ह्याला खुर्चीत बसवलं आणि समजावून सांगितलं. बाबा रे, ती गाडी घेऊन आलेली नाही, तुला शेवटचं विचारायला आलेली आहे. बहिणीला हो म्हटलेलं नाही, हे तिने तुला कशाला सांगितलं? तुला फक्त दोन शब्द बोलायचे आहेत. जाऊ नकोस. बाकी काही आलं नाही तरी चालेल. हे गाड्या चमकवण्यापेक्षा सोपं आहे. ह्याने मान डोलावली.  तेच दोन शब्द त्याच्याही मनात होते, कितीतरी दिवसांपासून होते. ते बोलायला वेळ हवा म्हणून तर त्याने तिसरा दिवस मागून घेतला होता.

पहिल्या दिवशी त्याने गाडी धुतली आणि दिव्याखाली घेतली. रंग सगळं सांगतो, ऐकणारा हवा. छपरावर चिकाचे बारीक ठिपके, म्हणजे गाडी झाडाखाली उभी असते. डाव्या बाजूला लांबच लांब खरचट, म्हणजे जागा भिंतीला लागून आहे आणि अरुंद आहे. चालवणाऱ्याच्या दाराच्या मुठीमागे नखांचे ओरखडे, दाटीवाटीने. दुसऱ्या बाजूच्या मुठीमागे एकही नाही. त्या दाराने कुणी कधी बसलंच नव्हतं. आणि छपराच्या मागच्या कडेला एक खोल रेघ, कपाट किंवा टेबल एकटीने चढवताना ओढली जाते तशी. धरायला दुसरं कुणी असतं तर ती रेघ पडली नसती. तो त्या रेघेवर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिला. 

संध्याकाळी ती आली, खुर्चीवर बसली. सीटवाल्याने दोन कप चहा आणून ठेवला आणि लगेच परत गेला. ती आपल्या खोलीबद्दल बोलली. वरच्या मजल्यावर कुणीतरी सारखं फर्निचर सरकवतं म्हणाली. दुकानात एक म्हातारा दर आठवड्याला डोळे तपासायला येतो, नंबर काही बदलत नाही, नुसता बोलायला येतो म्हणाली. तो लगद्याचा गोळा हातात मळत ऐकत होता. त्यालाही सांगायचं होतं, फडक्यांचं, पातेल्याचं. पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. पहिलाच दिवस आहे, अजून दोन आहेत, असं म्हणून त्याने ते दोन शब्द उद्यावर ढकलले.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तो मशिन चालवत होता. ती खुर्चीवर बसलीच नाही. तिने पर्स खिळ्याला अडकवली, स्टँडवरचा दिवा काढून हातात घेतला आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.  तिचा उजेड आधी, त्याचा हात मागून. अधूनमधून ती नुसतं "इथे" म्हणायची आणि खरंच तिथे असायचं. भिंतीची खरचट गेली. चिकाचे ठिपके गेले. नखांचे ओरखडे गेले तेव्हा ती हसली, म्हणाली, आता मी आत बसते कशी त्याचा पुरावाच नाही राहिला. छपरावरची खोल रेघ घासून घासून अंधुक झाली. त्याला इतकं बरं वाटत होतं की बोलून त्यात काही बिघडेल अशी भीती वाटायला लागली. म्हणजे बघा, दुःख असलं की बोलवत नाही आणि सुख असलं तरी बोलवत नाही, असल्या माणसाचं करायचं काय? उद्या, त्याने ठरवलं. उद्या दुपारपर्यंत कोटिंग उरकायचं, हात स्वच्छ धुवायचे, तिच्यासमोर दुसरी खुर्ची मांडून बसायचं आणि सांगायचं. जाताना ती म्हणाली की उद्या मी अर्धी सुट्टी टाकते, लवकर येते. तिने तारीख सांगावी तसं ते सांगितलं, पण त्याच्याकडे बघून.

तिसऱ्या दिवशी तो उजाडताच गाळ्यावर होता. दुपारपर्यंत सगळं झालं असतं, अगदी आरामात. पण बाटली उघडण्याआधी त्याने सवयीने दिवा फिरवला आणि पुढच्या दारावर मशिनच्या चाकाची एक पुसट गोल खूण दिसली. दिसली म्हणजे त्याला दिसली. अख्ख्या जगात आणखी एकाच बाईला दिसली असती. अरे, राहू दे ना. पण नाही. त्याने दार पुन्हा घासलं. एक दार घासलं तर शेजारचं थोडं मंद वाटायला लागलं, मग तेही घासलं. तोवर बाहेर वारा सुटला, धूळ आत यायला लागली. कोटिंगवर धूळ बसली की ती जन्माची बसते, म्हणून शटर ओढून वारा पडायची वाट बघितली. सीटवाला दोनदा शटर वाजवून गेला. आतून उत्तर ठरलेलं.

वारा पडल्यावर शटर अर्धं वर घेऊन बाटली उघडली तेव्हा दुपार झाली होती. बोनेट झालं, छप्पर झालं, एक बाजू झाली. हात असे चालत होते की त्याला स्वतःलाच नवल वाटावं. एवढं सुरेख काम त्याने कधी केलं नव्हतं. तिच्या गाडीला केलं नाही तर कुणाच्या गाडीला करायचं? पाऊस, ऊन, धूळ, ताईच्या गावची जी काही हवा असेल ती, कशाचंही बोट हिला लागू द्यायचं नाही. हेच आपलं तिला सांगणं आहे, असं त्याला त्या क्षणी अगदी मनापासून वाटत होतं. काय बोलावं आता.

तो शेवटच्या दारावर, मागच्या, मुठीखाली वाकलेला असताना ती आली. पावलं त्याने ओळखली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती उठून त्याच्या जवळ आली. दिवा मात्र तिने हातात घेतला नाही.

"मला एक विचारायचं होतं," ती म्हणाली.

नेमका तेव्हाच मुठीखालचा तवंग फुटला, आणि त्याच्या अंदाजाआधी फुटला. तळहाताएवढी जागा काळपट पडायला लागली. आता ह्या घटकेला पुसलं नाही तर दगड. त्याने मान वर केली नाही.

"पाच मिनिटं," तो म्हणाला.

फडक्याने निघेना. त्याने त्यावर ताजे थेंब टाकले, जुना थर मऊ केला, पुसला. निघाला, पण कडेला एक पट्टा राहिला. पुन्हा थेंब, पुन्हा फडकं. मग दुसऱ्या फडक्याने. मग दिवा जवळ ओढून, इकडून, तिकडून. मग मुठीच्या वरही काही नाही ना, दाराच्या कडेला काही नाही ना. शेवटी दार असं झालं की त्यात समोरची भिंत, भिंतीवरचा खिळा, सगळं स्वच्छ दिसत होतं. त्या खिळ्याला पर्स नव्हती. तेव्हा त्याने वळून पाहिलं.

खुर्ची रिकामी होती. खाली त्याच्या वाटचा चहाचा कप होता, वर बशी झाकलेली. त्याने कप उचलला. गार. शटरखालून येणारं ऊन केव्हाच निघून गेलं होतं. तो रस्त्यापर्यंत धावत गेला, दोन्हीकडे पाहिलं. सीटवाला आपल्या मशिनवर बसलेला होता. त्याने वर न बघताच सांगितलं की ती बराच वेळ बसली होती, बऱ्यापैकी बराच वेळ, आणि मग सावकाश गेली.

ती सकाळी आली ती गाडी न्यायला. रात्रभर बंद शटरमागे कोटिंग मुरलं होतं. त्याने रात्री काय केलं ते विचारू नका. तिने स्टँडवरचा दिवा काढला आणि एकटीने गाडीभोवती फिरली. बोनेट, छप्पर, दारं, मागची बाजू. दिवा तिरपा, खालून, वरून. कुठेच थांबली नाही. मागच्या दाराच्या मुठीखाली उजेड आला तेव्हा तो पुढे वाकला, पण तिथेही काही नव्हतं. तिने दिवा परत जागेवर लावला.

आठवडाभर पाणी लागू द्यायचं नाही, त्याने सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, माहीत आहे. पक्ष्यांची घाण लगेच पुसायची. तेही माहीत आहे. मग सांगायला काही उरलं नाही आणि ते दोन शब्द आपोआप बाहेर पडले, इतके सहज की त्याला स्वतःलाच राग आला.

"जाऊ नकोस."

ती गाडीच्या दाराशी थांबली. तिला राग आला नव्हता. रडूही आलं नव्हतं. दुकानात एखाद्याला नंबर वाढलाय हे सांगताना बोलत असेल तशी ती बोलली. "काल हेच विचारायला आले होते. जाऊ की नको. तुम्ही नको म्हणाल असं वाटलं होतं, म्हणून अर्धी सुट्टी टाकली." मग म्हणाली, "काल घरी जाऊन ताईला हो म्हटलं. तिने खोली आवरायला घेतली आहे."

तो म्हणाला की डाग पडत होता. मागच्या दारावर. तेवढाच पुसत होतो.

ती त्या दाराकडे बघत राहिली. हात पुढे करून तिने मुठीखालच्या जागेवर बोटं टेकवली. कोटिंगला इतक्यात हात लावायचा नसतो हे तिला माहीत होतं, आणि त्यालाही. 

"एखादा ठेवायचा होता हो," ती म्हणाली. "दाखवायला म्हणून परत आले असते."

ती आत बसली. गाडी मागे घेतली, वळवली. निळा रंग उन्हात असा चमकला की रस्त्याने जाणारी दोन माणसं वळून बघायला लागली. कोपऱ्यावर दिवा लुकलुकला आणि गाडी दिसेनाशी झाली.

तो गाळ्याच्या मधोमध उभा होता, जिथे गाडी होती तिथे. जमीन कोरडी होती, फडक्याचे दोन धागे पडले होते. खुर्चीखाली कालचा कप अजून तसाच होता. त्याने दिवा लावला आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की उजेड पाडायला समोर काही नाही. सीटवाल्याने सगळं पाहिलं होतं. शिवणयंत्र बंद झालं, भांडं वाजलं, आणि भिंतीपलीकडून हाक आली, नेहमीपेक्षा हळू, चहा टाकलाय, ये.

"आलो," तो म्हणाला, "पाच मिनिटं."

त्याच्या हातात काहीच काम नव्हतं.